ओळख कुणाच्या कामी यावी?

डिसेंबर-जानेवारी आला की महाराष्ट्रातल्या कॉलेजांच्या आवारांत मांडव पडतात. माजी विद्यार्थ्यांचे स्नेहमेळावे भरतात, निवृत्त प्राध्यापकांचे सत्कार होतात आणि पन्नाशीला आलेली माणसे एकमेकांना पुन्हा एकेरीत हाका मारू लागतात. मेळावा संपला तरी व्हॉट्सॲपचा ग्रुप वर्षभर चालू राहतो. त्याच आवारातल्या कार्यालयात नॅकच्या मूल्यांकनाची तयारी चाललेली असते. तिथेही माजी विद्यार्थी लागतात. त्यांचा संघ नोंदणीकृत आहे का, त्याने संस्थेला काय दिले, याला गुण असतात. मांडवातला जिव्हाळा आणि फायलीतला रकाना या दोहोंत एक मोठा प्रश्न मात्र विचारायचा राहून जातो. जात, धर्म, भाषा, गाव, देश आणि मिळकत या सगळ्याच बाबतींत एकमेकांहून वेगळ्या असलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना विद्यापीठाने एका धाग्यात बांधून ठेवावे का? आणि ठेवले, तर त्या ओळखीचा उपयोग कुणाला व्हावा?

आपल्याकडे हा प्रश्न अवघड होण्याचे कारण विद्यापीठांच्या घडणीतच आहे. मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले. परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या द्यायच्या, हे त्याचे काम. शिकवायचे ते कॉलेजांनी. कराचीचे डी. जे. सिंध कॉलेज, अहमदाबादचे गुजरात कॉलेज, धारवाडचे कर्नाटक कॉलेज आणि पुण्याचे फर्ग्युसन ही सारी एकेकाळी याच विद्यापीठाच्या छत्राखाली होती. त्यांचे पदवीधर कागदोपत्री एका विद्यापीठाचे होते, प्रत्यक्षात त्यांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नसे. मुक्तीनंतर गोव्यातली कॉलेजेही मुंबई विद्यापीठाला जोडली गेली आणि 1985 मध्ये गोवा विद्यापीठ होईपर्यंत तिथल्या मुलांच्या पदवीवर मुंबईचे नाव राहिले.

संलग्न कॉलेजांची ही रचना आजही कायम आहे. त्यामुळे आपल्या माणसाची निष्ठा कॉलेजशी असते, वसतिगृहाशी असते, फार तर विभागाशी असते. ‘मी फर्ग्युसनचा’, ‘मी विलिंग्डनची’ असे लोक अभिमानाने सांगतात. विद्यापीठाचे नाव अर्ज भरतानाच आठवते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने 1989 पासून नोकरी, शेती, घरसंसार सांभाळून शिकणाऱ्यांना पदव्या दिल्या. त्यांपैकी अनेकांच्या आठवणीत वर्ग नाही, कट्टा नाही, कॅन्टीन नाही. त्यांनी कोणत्या मेळाव्याला जायचे?

याउलट चित्र पवईत दिसते. आयआयटी मुंबईत मुले चार-पाच वर्षे एकाच आवारात राहतात, एकाच मेसमध्ये जेवतात. 1973 मध्ये तिथे दाखल झालेल्या नंदन निलेकणी यांनी 2023 मध्ये, त्या नात्याला पन्नास वर्षे झाल्याच्या निमित्ताने, संस्थेला 315 कोटी रुपये दिले. त्याआधी त्यांनी 85 कोटी दिले होतेच. त्याच वर्षी 1998 च्या बॅचने मिळून 57 कोटी रुपये उभे केले. हे आकडे पाहून आपल्या राज्य विद्यापीठांनाही वाटू लागते की संघ मजबूत केला की पैसा येईल. ही तुलना मुळातच चुकीची आहे. आयआयटीत प्रवेश मिळालेली मूठभर मुले आणि परभणी-गडचिरोलीच्या कॉलेजातून बी.ए. झालेली हजारो मुले यांच्या पुढच्या मिळकतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. देणगी हेच यशाचे माप धरले, तर बहुसंख्य माजी विद्यार्थी पहिल्याच दिवशी हिशेबाबाहेर जातात.

तरीही संघ हवेत, असे म्हणणाऱ्यांची बाजू भक्कम आहे. तिचा पाया पैशाहून खोल आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये एक साधे पण दूरगामी निरीक्षण मांडले. नोकरीची बातमी बऱ्याचदा जिवलग मित्राकडून येत नाही, कारण त्याला जे माहीत असते ते आपल्यालाही माहीत असते. ती येते अधूनमधून भेटणाऱ्या, वेगळ्या वर्तुळात वावरणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून. 2022 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक सदस्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही नोकरी बदलण्यासाठी मध्यम सैल ओळखीच अधिक कामी येतात, असे दिसून आले. विद्यापीठाचा माजी विद्यार्थी समुदाय म्हणजे अशा सैल ओळखींचा साठा असतो. तो जितका एकसाची, तितकी त्यातून नवी माहिती कमी मिळते. म्हणजे विविधता हा संघाच्या शोभेचा भाग नाही. संघाचा उपयोगच तिच्यावर अवलंबून आहे.

घरात आधी कुणी कॉलेजात गेलेले नाही, अशा मुलाच्या बाजूने पाहिले म्हणजे हे नीट समजते. ज्याचे वडील प्राध्यापक, मामा कंपनीत आणि चुलत बहीण परदेशात आहे, त्याला संघाची गरज बेताचीच असते; त्याचे घर हाच त्याचा संघ असतो. ऊसतोड कामगाराच्या मुलीला मात्र नेट-सेटची तयारी कशी करायची, पीएच.डी.साठी मार्गदर्शकाला काय लिहायचे, मुलाखतीत पगाराची बोलणी कशी करायची, हे सांगणारे घरात कुणी नसते. या गोष्टी अभ्यासक्रमात नसतात. त्या कुणीतरी कुणाला तरी सांगितलेल्या असतात. यवतमाळच्या एकलव्य इंडिया फाउंडेशनने पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्यांना देशातल्या नामांकित संस्थांपर्यंत नेण्याचे काम हेच ओळखून उभे केले. जो आधी पोहोचला त्याने मागच्याला वाट दाखवायची, हे त्या कामाचे सूत्र आहे. हे काम विद्यापीठांनी स्वतःहून करायला हवे होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. 1930 मध्ये त्या विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात त्यांनी तिथले वर्गमित्र आणि जॉन ड्यूई, एडविन सेलिग्मन यांच्यासारखे प्राध्यापक यांचा आयुष्यातले उत्तम स्नेही म्हणून उल्लेख केला. 1952 मध्ये कोलंबियाने त्यांना सन्माननीय पदवी दिली. विद्यापीठ आणि विद्यार्थी यांचे नाते समुद्र ओलांडून चार दशके टिकू शकते, याचे याहून मोठे उदाहरण मराठी वाचकाला देण्याची गरज नाही. पण त्याच कहाणीची दुसरी बाजूही सांगायला हवी. कोलंबियात शिकून 1917 मध्ये बडोद्याला नोकरीसाठी आलेल्या त्याच बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढण्यात आले. विद्यापीठाने दिलेली ओळख समाजाने दिलेल्या ओळखीपुढे हरू शकते. एका विद्यापीठाचे झालो म्हणून आपोआप एक होत नाही.

इथून विरोधी बाजू सुरू होते आणि तीही तितक्याच गांभीर्याने ऐकायला हवी. ओळखीचे जाळे मुळात ज्यांच्याकडे आहे त्यांनाच अधिक देते. मोठ्या पदावर बसलेला माजी विद्यार्थी आपल्या कॉलेजच्या, आपल्या बोलीच्या, आपल्या भागाच्या मुलाचे नाव पुढे सरकवतो. त्याला कंपनीत रेफरल म्हणतात, आपल्याकडे पूर्वीपासून वशिला म्हणतात. अमेरिकेतल्या काही नामांकित विद्यापीठांत माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेशात झुकते माप मिळत आले. या प्रथेवर तिथे इतका रोष साचला की जॉन्स हॉपकिन्स, ॲमहर्स्ट यांसारख्या संस्थांनी ती बंद केली आणि कॅलिफोर्निया राज्याने 2024 मध्ये खासगी विद्यापीठांतही तिच्यावर बंदी आणणारा कायदा केला. आपल्या राज्य विद्यापीठांत तशी प्रथा नाही, ही चांगली गोष्ट आहे. देणगीदाराला व्यवस्थापनाच्या खुर्चीजवळ बसवण्याचा मोह आपल्याकडेही होतो, तेव्हा हे उदाहरण लक्षात ठेवावे.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 मध्ये अमेरिकेतल्या 7 कोटींहून अधिक फेसबुक सदस्यांच्या मैत्रीचा अभ्यास प्रसिद्ध केला. गरीब घरातल्या मुलांची पुढे प्रगती होण्याशी सगळ्यात घट्ट संबंध सधन घरांतल्यांशी झालेल्या मैत्रीचा होता. पण अशी मैत्री कमी का होते, याचे उत्तरही त्यांनी शोधले. निम्मे कारण म्हणजे दोन्ही वर्गांतले लोक एका ठिकाणी येतच नाहीत. उरलेले निम्मे म्हणजे एका ठिकाणी आले तरी आपापल्यांतच मैत्री करतात. अभ्यास अमेरिकेचा आहे, पण आपल्याकडचा कोणताही स्नेहमेळावा आठवून पाहावा. मांडव एक असतो, टेबले वेगवेगळी असतात. सगळ्यांना एका यादीत घातल्याने अर्धेच काम होते.

एकत्र आणणे किती नाजूक असते, हे मराठवाड्याइतके कुणी अनुभवलेले नाही. 1978 मध्ये मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि त्यानंतर दलित वस्त्यांवर हल्ले झाले, माणसे मारली गेली, घरे जाळली गेली. नामविस्तार प्रत्यक्षात यायला 14 जानेवारी 1994 उजाडले. त्या सोळा वर्षांत समर्थनाच्या आणि विरोधाच्या अशा दोन्ही बाजूंना याच विद्यापीठाचे विद्यार्थी आणि पदवीधर होते. आज त्या सगळ्यांना ‘आपण सारे एकाच विद्यापीठाचे’ म्हणून एका व्यासपीठावर बोलावताना तो इतिहास झाकून ठेवता येणार नाही. एकोप्याच्या नावाखाली दुखणे बोलूच न देणारा संघ दुबळ्याला आणखी एकटे पाडतो.

म्हणूनच लहान, वेगळे गट हे एकोप्याच्या वाटेतले अडथळे आहेत असे मानणे बरोबर नाही. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत काढलेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात शिकलेल्या-शिकवलेल्या माणसांनी एकमेकांना धरून ठेवले नसते, तर गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’सारखे दलित साहित्याचे नियतकालिक उभे राहिले असते का? एका लहान, जवळच्या वर्तुळात आवाज सापडला आणि नंतर तो साऱ्या मराठी साहित्याचा झाला.

महाराष्ट्राने या प्रश्नाची दोन्ही उत्तरे शंभर वर्षांपूर्वीच करून पाहिली आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानल्या गेलेल्या अशा निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहांना आधार दिला. त्या काळात एकत्र जेवायला समाज तयार नव्हता. मग मुलाला निदान हक्काचे छप्पर मिळावे, एवढे त्यांनी पाहिले. कर्मवीर भाऊराव पाटील याच कोल्हापुरात शिकले, पण त्यांनी पुढची पायरी गाठली. 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढल्यावर 1924 मध्ये साताऱ्यात त्यांनी सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह उभे केले आणि त्याला नाव दिले ते शाहू महाराजांचेच. वेगळ्या छपराने मुलाला उभे राहण्याचे बळ दिले. एका पंगतीने त्याला शेजाऱ्याची ओळख दिली. यांपैकी एक चूक आणि दुसरे बरोबर, असे म्हणता येत नाही. दोन्हींची गरज होती आणि आजही आहे.

माजी विद्यार्थ्यांच्या बाबतीतही आमचे मत याच दिशेचे आहे. बॅचचे, वसतिगृहाचे, गावाचे, आंबेडकरी विद्यार्थ्यांचे, मुलींचे, परदेशस्थांचे गट जसे आपसूक जमतात तसे जमू द्यावेत. त्यांना एका मुख्य संघात विरघळवण्याचा हट्ट धरू नये. पण त्या सगळ्यांना जोडणारा एक सामाईक दरवाजा विद्यापीठाने उघडा ठेवावा, आणि तो मुख्यतः आज शिकणाऱ्या, ज्याला कुणाची ओळख नाही अशा विद्यार्थ्यासाठी असावा. संघ किती मोठा, मेळावा किती थाटाचा, देणगी किती आली, यापेक्षा या वर्षी अशा किती विद्यार्थ्यांना मार्ग दाखवणारे माणूस मिळाले, हे माप लावावे.

यासाठी काही गोष्टी लगेच करण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे नोंद. आज माजी विद्यार्थ्यांच्या यादीतून सर्वाधिक हरवतात त्या स्त्रिया. पदवी माहेरच्या नावाची, पत्ता वडिलांचा, आणि लग्नानंतर नाव आणि गाव दोन्ही बदललेले. पत्र जाते आणि परत येते. पदवीदानाच्या वेळीच सर्वांची विनाशुल्क आजीव नोंदणी करावी आणि नाव-पत्ता स्वतः बदलण्याची सोय ठेवावी. अभ्यास अर्धवट सोडावा लागलेल्यांनाही त्यात जागा असावी. तेही त्या वर्गात बसले होते. ही माहिती कुणाला दिसावी, हे ज्याचे त्याने ठरवावे. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमतीचाच आग्रह धरतो, आणि मोबाईल क्रमांकांच्या याद्या क्लासवाल्यांच्या किंवा उमेदवारांच्या हाती जाऊ लागल्या तर लोक दुरावतील ते कायमचेच.

दुसरी गोष्ट खिडकीची. माजी विद्यार्थी विद्यापीठात बहुधा एकाच कामासाठी परततो: ट्रान्सक्रिप्ट, दुबार गुणपत्रिका किंवा पदवीची पडताळणी. जर्मनीत किंवा कॅनडात अर्जाची मुदत संपत आलेली असते आणि इथे गावाकडचे वयस्कर वडील चलन भरायला रांगेत उभे असतात. डिजिलॉकरमुळे काही कागद सोपे झाले, जुन्या वर्षांचे अजून नाहीत. त्या खिडकीवर आठवडाभरात काम झाले, तर त्या माणसाच्या मनात विद्यापीठाबद्दल जे निर्माण होईल, ते कोणत्याही मेळाव्याने होणार नाही. संबंध टिकवण्याचे पहिले काम तिथेच आहे.

तिसरी गोष्ट पैशाची. देणगी जरूर घ्यावी, पण तिचा हिशेब दरवर्षी जाहीर करावा आणि देणाऱ्याला प्रवेश, नेमणुका किंवा अभ्यासक्रम यांत कसलाही अधिकार नसावा, हे नियमात लिहून ठेवावे. शिष्यवृत्ती उशिरा आल्याने मेसचे बिल थकलेल्या मुलाला दोन महिन्यांची मदत देणारा छोटा निधी, नावाची पाटी लावलेल्या सभागृहापेक्षा जास्त पुण्याचा आहे. परदेशातल्या देणगीसाठी कायद्याची माहितीही संघाने द्यावी. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी देणगी ठरत नाही, पण परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची ठरते. अशी देणगी घ्यायला खासगी शिक्षणसंस्थेच्या कॉलेजला वेगळी नोंदणी किंवा परवानगी लागते. हे माहीत नसल्याने चांगल्या इच्छा वाया जातात.

चौथी गोष्ट हक्काची. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 नुसार नोंदणीकृत पदवीधर अधिसभेवर दहा प्रतिनिधी निवडून देतात आणि त्यांतल्या पाच जागा अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांच्यासाठी राखीव आहेत. विविधतेला कायद्याने दिलेले हे स्थान आहे. पण सर्वसाधारण पदवीधर नोंदणीच करत नाही आणि मैदान पक्षांशी बांधलेल्या पॅनेलना मोकळे राहते. मुंबई विद्यापीठात ही निवडणूक 2023 मध्ये ऐन वेळी स्थगित झाली आणि न्यायालयाच्या दारातून जाऊन सप्टेंबर 2024 मध्ये पार पडली. मेळाव्याला येणाऱ्या प्रत्येकाने आपले नाव मतदार यादीत घातले, तर अधिसभेत वसतिगृहाचे, ग्रंथालयाचे, निकालाच्या उशिराचे प्रश्न विचारणारी माणसे पोहोचतील.

यावर कुणी म्हणेल की हे सगळे विद्यापीठाने करावे, माजी विद्यार्थ्यांवर ओझे कशाला? सरकारने अनुदान द्यावे, प्राध्यापकांच्या रिक्त जागा भराव्यात, हे खरेच आहे, आणि माजी विद्यार्थ्यांची मदत हे सरकारी जबाबदारी झटकण्याचे निमित्त होता कामा नये. पण दीक्षाभूमीच्या नागपुरातली किंवा कोयनेच्या खोऱ्यातली एखादी मुलगी पुढे काय करायचे या विचारात असते, तेव्हा तिला त्या वाटेने आधी गेलेल्या माणसाचा आवाज हवा असतो. तो सरकार देऊ शकत नाही. तो फक्त आपण देऊ शकतो.

म्हणून या वर्षीच्या मेळाव्याला जाणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती. जुन्या मित्रांना भेटा, सरांच्या पाया पडा, फोटो काढा. पण घरी परतण्यापूर्वी आज त्या कॉलेजात शिकणाऱ्या, आपल्या जातीच्या, गावाच्या आणि ओळखीच्या बाहेरच्या एका विद्यार्थ्याचे नाव विचारून घ्या, आपला क्रमांक त्याला द्या आणि त्याचा फोन आला की उचला.